मुलींच्या शाळेचं वेळापत्रक

१८८४ साली पुण्यात हुजूरपागेत मुलींचं हायस्कूल सुरू झालं. न्या. रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक, विल्यम वेडरबर्न अशी मंडळी त्यामागे उभी होती. मुलींनी मॅट्रिकपर्यंत शिकावं, मुलगे शिकतात तेच शिकावं, हा सरळ हेतू. पुढच्या तीनच वर्षांत, १८८७ मध्ये, टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने या शाळेचा अभ्यासक्रम धारेवर धरला. आक्षेप दोन होते. इंग्रजी, गणित, शास्त्र हे विषय घरंदाज मुलीच्या काय कामाचे, हा पहिला. दुसरा आक्षेप वेळेचा होता. अकरा ते पाच मुलगी शाळेत बसली तर घरातलं काम शिकणार कधी? तिला दिवसाचे थोडे तास, तेही देशी भाषेत, नीतिपर वाचन आणि शिवणकाम शिकवावं, आणि उरलेला दिवस घराला द्यावा, असा एकूण सूर होता.

पहिल्या आक्षेपावर नंतर भरपूर वाद झाले आणि तो निकालात निघाला. मुलीला बीजगणित शिकवू नये, असं आज कुणी चारचौघांत म्हणणार नाही. दुसरा आक्षेप मात्र मला आजही जिवंत दिसतो. १८८७ च्या टीकाकारांना एक गोष्ट नीट कळली होती: शिक्षणाचा वाद हा शेवटी तासांचा वाद असतो. मुलीच्या दिवसातले तास कुणाचे, हे ज्याने ठरवलं त्याने तिचं शिक्षण ठरवलं. पुस्तकात कोणते धडे छापले आहेत, हा त्यानंतरचा प्रश्न.

म्हणून मुलींच्या माध्यमिक शाळेबद्दल, आणि विशेषतः खासगी शाळेबद्दल, बोलताना मला पाठ्यपुस्तकापेक्षा वेळापत्रकाबद्दल बोलावंसं वाटतं. खासगी शाळा अशासाठी, की तिच्या हातात थोडी मोकळीक असते. अनुदानित शाळेला शिक्षकांच्या मंजूर पदांपासून वेतनेतर अनुदानापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे डोळे लावून बसावं लागतं. २०१२ च्या कायद्याखाली निघालेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा पालकांच्या फीवर चालतात. कोणत्या मंडळाशी जोडून घ्यायचं, जादा शिक्षक नेमायचा का, इमारतीत काय बांधायचं, हे त्यांचं त्या ठरवतात. ही मोकळीक मुलींसाठी कशी वापरली जाते? बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टींसाठी: दहावीचा निकाल आणि ‘संस्कार’. मला हे मान्य नाही. मुलींसाठी काही ‘वेगळं’ शिकवण्याचा हव्यास या शाळांनी सोडावा आणि जे सगळ्यांना शिकवायचं ठरलं आहे ते मुलींना पुरतं, त्यांच्या हातून, वेळ देऊन शिकवावं, असं माझं म्हणणं आहे. मुलींची शाळा वेगळी ठेवण्याला एवढं एकच कारण पुरेसं आहे. दुसरं मला सापडलेलं नाही.

‘वेगळं’ शिकवण्यामागे वाईट हेतूच असतो असं नाही. या मताचा सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत त्यागी पुरस्कर्ता आपल्याच मातीत झाला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे हिंगण्याला महिला विद्यालय उभं केलं आणि १९१६ साली महिलांचं विद्यापीठ स्थापन केलं. जपानमधल्या महिला विद्यापीठाचं एक माहितीपत्रक हाती पडलं आणि कल्पनेने मूळ धरलं, असं त्यांनीच सांगितलं आहे. शिक्षण मातृभाषेत हवं, हा त्यांचा आग्रह काळाच्या पुढचा होता आणि मला तो आजही बरोबर वाटतो. पण त्याच्या जोडीला दुसरं गृहीतक होतं. बहुतेक मुलींना संसार करायचा आहे, तेव्हा आरोग्य, गृहव्यवस्था, बालसंगोपन हे विषय त्यांच्या अभ्यासाच्या मध्यभागी हवेत आणि गणितासारखा विषय ज्यांना झेपेल, हवा असेल त्यांनी घ्यावा.

हे ठरवणारा माणूस स्वतः फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक होता. १८९१ पासून दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी तिथे गणित शिकवलं. गणिताचं मोल त्यांना कळत नव्हतं, असं म्हणायची कुणाची छाती होईल? त्यांच्यासमोर आलेल्या बायका बालविधवा होत्या, केशवपन झालेल्या होत्या, काहींनी विशीच्या आसपास पहिल्यांदा पाटी हातात धरली होती. त्यांना आधी पायावर उभं करायचं होतं. मॅट्रिकच्या परीक्षेत इंग्रजी आणि गणितापायी बाहेर फेकल्या जाणाऱ्या मुलींसाठी एक दार उघडायचं होतं. त्या घडीला तो निर्णय दयेतून आणि व्यवहारातून आला होता. पण घडीपुरती सवलत संस्थेत मुरली की तिचं धोरण होतं, आणि धोरणाची मग परंपरा होते. मुलींना गणित जड जातं, हे वाक्य नंतर कुणी तपासून पाहिलं नाही. ते सवलतीतच लिहिलेलं होतं.

आगरकरांनी हा धोका आधीच ओळखला होता. मुलगे आणि मुली यांना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र द्यावं, अशी त्यांची रोखठोक भूमिका होती. त्यांचं म्हणणं मान्य झालं असतं तर मुलींच्या शाळांचा प्रश्नच उरला नसता. पण ज्या समाजात मुलगी नहाण आल्यावर घराबाहेर पडत नव्हती, तिथे आगरकरांची शाळा रिकामी राहिली असती आणि कर्व्यांची भरली, हेही खरं. पुढचा इतिहास पाहा. ज्या कर्व्यांच्या विद्यापीठात गणिताची सक्ती नव्हती, त्यांच्याच स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ साली कर्वेनगरला मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. त्या कमिन्स महाविद्यालयात आज मुली इन्स्ट्रुमेंटेशनपासून मेकॅनिकलपर्यंत शिकतात. संस्थेने आपल्या संस्थापकाला नाकारलं नाही, त्याच्या निर्णयातला काळापुरता भाग काळावर सोडून दिला. मुलींच्या शाळांनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावं.

सरकारी पातळीवर हा वाद साठ वर्षांपूर्वीच मिटला आहे. माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेल्या १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने मुलींसाठी गृहशास्त्राची खास सोय असावी असं सुचवलं होतं. त्यानंतर दहाएक वर्षांनी हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. मुलगे आणि मुली यांचा अभ्यासक्रम वेगळा असावा का, एवढाच तिच्यापुढचा प्रश्न. उत्तर स्पष्ट होतं: आवड आणि कुवत पाहून अभ्यासक्रम बदलावा, लिंग पाहून बदलू नये. या हंसाबाई म्हणजे मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातला ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल असा शब्दप्रयोग बदलून ‘सर्व मानव’ करवून घेणाऱ्या. बडोद्याच्या विद्यापीठाच्या त्या कुलगुरू होत्या आणि त्यांच्याच काळात तिथे गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा निघाली. म्हणजे स्वयंपाकघराला त्या कमी लेखत नव्हत्या. आहारशास्त्र हे शास्त्र आहे आणि म्हणून ते कुणालाही शिकवावं, ही त्यांची धारणा. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पुढे गृहशास्त्र ऐच्छिक ठेवा, मुलींवर लादू नका, असं सांगितलं आणि पहिल्या दहा वर्षांत गणित-विज्ञान सगळ्यांना सक्तीचं करावं अशी शिफारस केली. दहावीचा आजचा ढाचा त्यातूनच आलेला आहे.

म्हणजे कागदावर सगळं ठीक. राज्य मंडळाच्या दहावीच्या मुलीला तीन भाषा, गणित भाग एक-दोन, विज्ञान भाग एक-दोन आणि सामाजिक शास्त्रं आहेत. शिवाय आरोग्य व शारीरिक शिक्षण, स्वविकास व कलारसास्वाद, जलसुरक्षा हे श्रेणीचे विषय. बालभारतीचं पुस्तक मुलग्याला तेच आणि मुलीला तेच.

आता वेळापत्रकाकडे या. दिवाळीची सुट्टी संपली की दहावीच्या वर्गातून पहिला जातो तो पीटीचा तास. मग चित्रकलेचा. मग प्रयोगशाळेचा. शेवटचा जातो तेव्हा कुणाला फारसं काही वाटत नाही, कारण विज्ञानाच्या वीस गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा शाळेतच व्हायची असते आणि गुण शाळेनेच द्यायचे असतात. मुलींना जर्नल पूर्ण करायला सांगतात. आकृत्या सुबक, शीर्षकं लाल शाईने, निरीक्षणांचे तक्ते पट्टीने आखलेले. त्या तक्त्यांतले आकडे मागच्या वर्षीच्या जर्नलवरून घेतलेले असतात. मुलींची जर्नलं मुलग्यांपेक्षा नेटकी असतात म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो. त्या नेटकेपणात प्रयोग झालाच नाही, हे झाकलं जातं.

मी विज्ञान शिकवत असतानाचा एक तास सांगते. भिंगाचा प्रयोग होता, अगदी साधा. बहिर्गोल भिंग स्टँडवर लावायचं, खिडकीबाहेरच्या लांबच्या झाडाकडे त्याचं तोंड करायचं, मागे कोरा कागद धरायचा आणि प्रतिमा स्पष्ट दिसेपर्यंत कागद मागेपुढे सरकवायचा. कागद आणि भिंग यांच्यातलं अंतर म्हणजे नाभीय अंतर. एका मुलीला कागदावर झाड दिसलं, उलटं, हिरव्या रंगासकट, पानं हलताना. ती काही वेळ गप्पच राहिली. मग म्हणाली, “बाई, मागची गच्चीपण दिसतेय.” तिने तीनदा अंतर मोजलं. ९.८, १०.३, १०.१. आणि तक्ता भरायला बसली तेव्हा तिने तिन्ही ठिकाणी १० लिहिलं. का, तर भिंगाच्या डबीवर १० सेंटिमीटर छापलेलं होतं आणि शेजारणीच्या जर्नलमध्येही तेच होतं. तुझे आकडे काय आले होते, असं विचारल्यावर तिने सांगितले आणि लगेच म्हणाली, “पण ते चुकीचे आहेत ना?” तिला समजावून ते तिच्याकडून लिहून घ्यायला अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात एक अख्खा धडा ‘पूर्ण’ झाला असता.

माझ्या मते माध्यमिक शिक्षणाचा गाभा या अर्ध्या तासात आहे. स्वतः मोजलेलं खरं मानायचं की छापलेलं, हा प्रश्न चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीसमोर यायला हवा आणि तिच्या बाजूने कुणीतरी उभं राहायला हवं. हे सगळ्याच मुलांना लागू आहे, हे मला मान्य. पण मुलीला आयुष्यभर ‘डबीवर छापलेलं’ खरं मानायला शिकवणारे बाहेर पुष्कळ असतात. निदान शाळेने तरी तिचा मोजलेला आकडा खोडू नये.

मिश्र शाळेतल्या प्रयोगशाळेत काय होतं ते प्रत्येक विज्ञानशिक्षकाने पाहिलेलं आहे. चौघांचा गट केला की वायर जोडतो मुलगा आणि वाचन लिहून घेते मुलगी, कारण तिचं अक्षर चांगलं. कुणी हे ठरवत नाही, ते आपोआप ठरतं. घरी फ्यूज गेला की मुलग्याला स्टुलावर चढवतात, मुलीला मेणबत्ती आणायला पाठवतात. हाच घरचा सराव तो शाळेत घेऊन येतो. मुलींच्या शाळेत हे घडूच शकत नाही. तिथे वायर धरायला मुलीशिवाय कुणी नसतं. फलक रंगवायला, क्रिकेटची किट उचलायला, वर्गाची मंत्री व्हायला, संगणक कक्षातला बिघडलेला माउस खोलून बघायला, सगळीकडे मुलीच. ही मुलींच्या शाळेची खरी ताकद. पण ती ताकद प्रयोगशाळेचं दार उघडं असेल तरच वापरता येते. बाई टेबलावर प्रयोग करून दाखवतात आणि साठ मुली बाकांवरून माना उंच करून पाहतात, अशा शाळेत मुलगे नाहीत म्हणून मुलींचा काय फायदा झाला?

संशोधनही साधारण हेच सांगतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात एकवीस देशांतल्या १८४ अभ्यासांची, सुमारे सोळा लाख विद्यार्थ्यांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. घरची परिस्थिती, आधीची गुणवत्ता वगैरे लक्षात घेतलं की फक्त मुलींची शाळा आणि मिश्र शाळा यांच्यातला फरक जवळपास नाहीसा होतो, असा त्याचा निष्कर्ष. दुसरीकडे, इंग्लंडमध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स’ या भौतिकशास्त्राच्या संस्थेने २०१२ साली दाखवून दिलं की तिथल्या सरकारी मिश्र शाळांपैकी जवळपास निम्म्या शाळांमधून एकही मुलगी पुढे बारावीच्या तोडीचं भौतिकशास्त्र घेत नव्हती, आणि मुलींच्या सरकारी शाळांमधल्या मुली ते घेण्याचं प्रमाण सुमारे अडीचपट होतं. या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत असं मला वाटत नाही. मुलींची शाळा असणं आपोआप काही देत नाही. काही शाळा त्या जागेचा उपयोग करून घेतात, बाकीच्या नुसती भिंत उभारून थांबतात.

आपल्याकडे गुणांचा प्रश्न मुलींनी कधीच सोडवला आहे. २०२५ च्या दहावीत राज्यात ९६.१४ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या आणि ९२.३१ टक्के मुलगे. दरवर्षी वर्तमानपत्रांत ‘यंदाही मुलींचीच बाजी’ असं शीर्षक येतं. मग आयआयटीच्या बीटेकच्या वर्गांत मुलींचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत का अडकून राहिलं होतं? २०१८ पासून मुलींसाठी अधिसंख्य, म्हणजे ठरलेल्या संख्येपेक्षा जादा, जागा काढाव्या लागल्या, तेव्हा ते वीस टक्क्यांकडे सरकलं. दहावीत पुढे असणारी मुलगी दोन वर्षांत मागे पडत नाही. तिला दुसरीकडे वळवलं जातं. अकरावीला विज्ञान घ्यायचं तर कॉलेज लांब, क्लासची फी वेगळी, संध्याकाळी उशिरा परतणं आलं. भावाला क्लाससाठी राजस्थानात कोट्याला पाठवण्यासाठी कर्ज काढणारं घर तिला जवळच्या कॉलेजात वाणिज्य शाखेला घालतं.

इथे मुलींच्या शाळेने काय करायला हवं होतं? अनेक मुलींच्या शाळांना जोडून कनिष्ठ महाविद्यालय असतं, आणि त्यात कला आणि वाणिज्य याच शाखा असतात. विज्ञान शाखा काढायची तर भौतिक, रसायन, जीवशास्त्र अशा प्रयोगशाळा लागतात, पूर्णवेळ शिक्षक लागतात, खर्च येतो. ‘आमच्याकडच्या मुलींची मागणी नाही,’ असं व्यवस्थापन सांगतं. ज्या मुलीने नववीत स्वतःच्या हाताने एकदाही सर्किट जोडलेलं नाही, ती भौतिकशास्त्राची मागणी कशी करील? मागणी शाळेने निर्माण करायची असते, आणि ती नववी-दहावीच्या वेळापत्रकात निर्माण होते. आईवडील ज्या शाळेवर विश्वास टाकून मुलीला पाचवीपासून पाठवतात, त्याच आवारात बारावीपर्यंत विज्ञान असेल तर लांब जाण्याचा, उशिराचा, भीतीचा सगळा युक्तिवाद गळून पडतो. हे काम सरकारपेक्षा खासगी संस्था लवकर करू शकते. फीच्या पैशातून लॉबीत संगमरवर बसवायचा की भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा बांधायची, यासाठी तिला कुणाची परवानगी लागत नाही.

संस्कारांच्या नावाखाली वेळापत्रकातले जे तास जातात त्यांच्याबद्दलही बोललं पाहिजे. रांगोळी, मेंदी, स्वागतगीत, पाहुण्यांच्या हाती पुष्पगुच्छ द्यायला उभ्या केलेल्या मुली. शाळेत मंत्री येणार असले की मुलींचे सरावाचे तास बुडतात ते मुलग्यांच्या शाळेत बुडत नाहीत तेवढे. कला वाईट नाही, रांगोळीत भूमिती आहे, हे सगळं मला माहीत आहे. पण कला शिकवायची तर कलेसारखी शिकवा, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसवा, तबल्याला शिक्षक नेमा. मुलीला समारंभाची सजावट म्हणून उभं करणं हे कलाशिक्षण नव्हे. स्वयंपाकाचंही तसंच. माझा स्वयंपाक शिकवायला विरोध नाही. माणसाला जगायला जे लागतं ते शाळेने शिकवावं. पण ज्या आठवड्यात पोळ्या लाटायला शिकवाल त्याच आठवड्यात वायरला थ्री-पिन प्लग जोडायला शिकवा, सायकलचं पंक्चर काढायला शिकवा, बँकेत स्वतःचं खातं उघडायला शिकवा.

आणि जे पुस्तकात छापलेलं आहे ते तरी पूर्ण शिकवा. दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये सजीवांतील जीवनप्रक्रियांच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजनन आहे, ऋतुचक्र आहे, आकृत्यांसह सगळं स्वच्छ मांडलेलं आहे. समोर सगळ्या मुली, शिकवणारी बाई, लाजायला कुणी नाही. तरीसुद्धा हा धडा ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून देणाऱ्या शाळा आहेत. मुलींच्या शाळेने हा धडा सगळ्यांत चांगला शिकवायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं आढळलं. पाचात एक! त्यातल्या कितीतरी जणी नववी-दहावीच्या बाकावर बसलेल्या असणार. लग्नाचं वय, संमती, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा, वारसाहक्क, शरीराची रचना हे त्यांना कुणी आणि कधी सांगायचं? शाळेच्या वर्गात, बाईंच्या तोंडून, तासाला बसून. वर्षातून एकदा बाहेरचा वक्ता बोलावून आणि फोटो काढून हे काम होत नाही.

मैदानाबद्दल थोडक्यात. मुलींच्या शाळेचं मैदान संध्याकाळी साडेपाचनंतर रिकामं असतं, कारण तोवर मुलींनी घरी पोचायचं असतं. मुलग्यांच्या शाळेचं मैदान त्याच वेळी भरायला लागतं. तासांचा वाद म्हणतात तो हाच.

एक आक्षेप मला अपेक्षित आहे आणि तो पोकळ नाही. पालक फी भरतात ती गुणांसाठी. दहावीच्या वर्षी प्रयोग, मैदान, कायदा, सायकलचं पंक्चर असं सगळं काढून बसलं आणि टक्के घसरले तर पुढच्या वर्षी प्रवेश कमी होतील, शिक्षकांचे पगार थकतील. खासगी शाळा चालवणाऱ्या माणसाची ही रात्रीची झोप उडवणारी चिंता असते. माझं म्हणणं एवढंच, की सातवी-आठवी-नववी ही तीन वर्षं मोकळी आहेत. बोर्ड तिथे डोकावत नाही. तिथे आठवड्यातून दोन जोड-तास प्रयोगशाळेला दिले आणि ते दहावीच्या पहिल्या सत्रापर्यंत टिकवले, तरी मुलीच्या हातात पुरेसं काही उतरतं. ज्या मुलीने भिंग हाताळलं आहे तिला भिंगाच्या सूत्रातली चिन्हं पाठ करावी लागत नाहीत. तिचे गुण घटत नाहीत. आणि घटले एखाददुसरे, तर ९६ ऐवजी ९४ टक्के मिळवून भौतिकशास्त्र घेणारी मुलगी शाळेला अभिमानाची वाटली पाहिजे.

दुसरा आक्षेप फीचा. जी शाळा फीवर चालते ती मुळात कुणाच्या मुलींसाठी? हुजूरपागेच्या छत्तीस वर्षं आधी, १८४८ साली, भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी शाळा काढली तेव्हा तिथे शिकायला येणं हेच धाडस होतं, फीचा प्रश्न नंतरचा. राज्यात बारावीपर्यंत मुलींचं शिक्षण मोफत झाल्याला आता बरीच वर्षं लोटली, २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ओबीसी आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्कही माफ आहे. म्हणजे अभियांत्रिकीचं दार फीमुळे बंद राहिलेलं नाही, बारावी विज्ञानापर्यंत पोचण्याची वाट बंद आहे. खासगी मुलींच्या शाळेने आपली प्रयोगशाळा शनिवारी दुपारी शेजारच्या जिल्हा परिषदेच्या किंवा मनपाच्या शाळेतल्या मुलींना उघडी ठेवली तर तिचा काचसामानाचा खर्च थोडा वाढेल, बाकी काही बिघडणार नाही. स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेकडून समाजाने एवढं मागावं. फी भरू शकणाऱ्या घरांपुरतीच ही मोकळीक वापरली गेली तर माझ्या लेखी ती वाया गेली.

१९३३ साली कमला सोहोनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या. पदवीला त्या मुंबई विद्यापीठात अव्वल होत्या. सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या अडून बसल्या तेव्हा पहिलं वर्ष अटींवर प्रवेश मिळाला. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन त्या परत आल्या. ही गोष्ट मुलींना जिद्दीची म्हणून सांगतात. मी ती शाळेच्या बाजूने वाचते. त्यांच्याकडे अडून बसायला काहीतरी होतं: रसायनशास्त्र येत होतं, आणि ते आपल्याला येतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नुसत्या जिद्दीवर कुणी प्रयोगशाळेत घेत नाही.

शाळांनी एक गोष्ट या जूनपासूनच सुरू करावी. दहावीच्या निकालाचा फलक फाटकावर लावतात, त्याच्याशेजारी आणखी एक फलक लावावा. मागच्या दहावीतल्या किती मुली अकरावीला गेल्या, कोणत्या शाखेला गेल्या, किती जणींचं शिक्षण सुटलं, किती जणींची लग्नं ठरली. नववीत प्रत्येक मुलीने स्वतः किती प्रयोग केले. नावं नकोत, आकडे पुरेत. पहिल्या वर्षी हे आकडे बघवणार नाहीत, काही शाळांना ते गोळा करतानाच कळेल की सोडून गेलेल्या मुलींचं पुढे काय झालं याची आपल्याकडे नोंदच नाही. निकालाच्या टक्क्यांसाठी जशी वर्गवार बैठक होते तशी या आकड्यांसाठीही व्हावी, आणि तीत विज्ञानाच्या शिक्षिकेला विचारावं की आणखी चार स्टँड आणि वीस भिंगं आणून दिली तर तुम्ही काय कराल. पालकांनीही प्रवेश घ्यायला गेल्यावर टक्केवारी ऐकून परत न येता नववी ‘अ’ चं वेळापत्रक मागून घ्यावं, प्रयोगशाळेच्या तासापुढे कुणाचं नाव आहे ते बघावं आणि तो तास मागच्या महिन्यात किती वेळा प्रत्यक्ष झाला, हे मुख्याध्यापकांना नव्हे, नववीतल्या एखाद्या मुलीला विचारावं.